खणखणीत आणि बद्द : पत्र्याच्या आवाजाचा एक इतिहास

मडके विकत घेताना गिऱ्हाईक त्यावर बोटाने टिचकी मारते. मडके 'खणखणीत' वाजले तर ते पक्के भाजलेले आहे आणि 'बद्द' वाजले तर त्याला कुठेतरी तडा आहे, असा निवाडा होतो. या परीक्षेला शास्त्र लागत नाही, कान लागतो. मराठीने या दोन शब्दांवर मूल्यांची एक उतरंडच रचली आहे. नाणे खणखणीत, आवाज खणखणीत, उत्तर खणखणीत. निरोगी माणूस तर 'ठणठणीत'. याउलट बद्द म्हणजे फुटके, हिणकस, आतून पोकळ. या दोहोंच्या जोडीला तिसरा एक शब्द आहे, 'खडखडाट'. तिजोरीत खडखडाट, घरात खडखडाट, असे आपण म्हणतो तेव्हा आवाजाबद्दल बोलतच नसतो. दारिद्र्याबद्दल बोलत असतो. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. तो चाळणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल की, खडखड, घरघर, थरथर, दणदण अशा नादानुकारी शब्दांची मराठीतील दाटी विलक्षण आहे. वस्तू कशी वाजते यावरून ती काय आहे हे ठरवणारा हा समाज होता.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मात्र या उतरंडीत एक उलथापालथ झाली आणि तिची नोंद आपल्या वाङ्मयीन इतिहासाने फारशी घेतलेली नाही. आज मोटारीचे दार लावताना ते खणखणले, तर गाडी 'हलकी' ठरते. दार 'थप्' असे बद्द वाजले, तर गाडी 'भारी' असते. दारांच्या, छताच्या, तळाच्या पत्र्याला आतून काळा, जड, चिकट थर लावून त्याचे वाजणे बंद करणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. मडक्याच्या बाबतीत जो दोष, तोच मोटारीच्या बाबतीत गुण कसा झाला? हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. त्याच्या तळाशी मात्र ऐकण्याच्या सवयींचा, भाषेचा आणि थोडासा सामाजिक विषमतेचाही इतिहास आहे.

हा इतिहास पाहण्यासाठी मलकापूर ही जागा सोयीची आहे. कऱ्हाडला लागून असलेले हे गाव आता शहर झाले आहे. पुणे-बंगळूर महामार्ग त्याच्या अंगावरून जातो. एकेकाळी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ होता, पुढे नव्या क्रमवारीत तो ४८ झाला. येथून लोहमार्गाने दक्षिणेकडे निघाले की किर्लोस्करवाडी, सांगली आणि मिरज ही स्थानके लागतात. सातारा-सांगलीच्या या एका पट्ट्यात पातळ फळी बोलती करणारे कारागीर, लोखंडाला नवा आकार देणारा कारखाना आणि पत्रा मुका करू पाहणारा महामार्ग असे तिन्ही भेटतात. सुरुवात मिरजेपासून करू.

फळी बोलती करण्याची विद्या

मिरजेत तंतुवाद्ये बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सुरू झाली. तिचा मान फरीदसाहेब सितारमेकर यांच्याकडे जातो. हे घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रे घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्यांचे. इंग्रजी अमलात शस्त्रांचे काम आटले तेव्हा तेच हात सतार आणि तंबोऱ्याकडे वळले. मंगळवेढ्याच्या परिसरात पिकणारा भोपळा, तुणीचे लाकूड आणि भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली पातळ लाकडी तबली ही त्यांची सामग्री. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

तार एकटी फार क्षीण वाजते. तिचा कंप घोडीमार्फत तबलीत उतरतो, तबली आपल्या मोठ्या पृष्ठभागाने हवा हलवते आणि मग आपल्याला ऐकू येतो तो 'तंबोरा'. म्हणजे तबली हे एक थरथरणारे पटल आहे आणि कारागिराची सारी विद्या ते थरथरणे राखण्यात आहे. फळी जाड राहिली तर वाद्य घुमत नाही. फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने ती बसते. वरून लाखेचा लेप जाड चढवला तरी नाद दबतो. कुठे किती तासायचे आणि काय किती लावायचे, याचे हे ज्ञान हातात असते.

या ज्ञानाचे अधिक आश्चर्यकारक रूप तबल्यात दिसते. नुसत्या ताणलेल्या चामड्यावर थाप मारली तर सुरेल नाद मिळत नाही, कारण त्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या सुमारे १.५९, २.१४, २.३० अशा आडनिड्या पटीत असतात. ते एकमेकांत मिसळत नाहीत, एकमेकांवर आदळतात. आपल्या कारागिरांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे शाई. लोखंडाचे चूर्ण आणि पिठाची किंवा भाताची खळ यांचे मिश्रण पुडीच्या मध्यावर पातळ थरांनी चढवायचे, प्रत्येक थर दगडाने घोटायचा. घोटताना शाईला बारीक भेगा पडत जातात आणि त्या भेगांमुळेच ती जड असूनही लवचीक राहते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आणि पुढे १९३४ मधील आपल्या निबंधात दाखवून दिले की, या लेपामुळे आडनिडे स्वर सरकून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा सुरेल मांडणीत बसतात. पखवाजाच्या डाव्या अंगाला वादनापूर्वी ओली कणीक थापतात आणि वादन संपले की खरवडून काढतात, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे. वजन वाढवले की स्वर खाली उतरतो आणि खर्ज भरतो.

थरथरणाऱ्या पृष्ठभागावर योग्य जागी, योग्य जाडीचा, योग्य पदार्थाचा लेप दिला की त्याचे बोलणे बदलते, हे आपल्याकडे मोटार येण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होते. फरक हेतूचा होता. शाईचा लेप नादाला वळण लावण्यासाठी होता, त्याला गप्प करण्यासाठी नव्हता. युरोपात क्लाड्नी याने १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून, कडेवर गज ओढून, कंपाच्या आकृत्या डोळ्यांना दाखवल्या. पत्रा सगळीकडे सारखा हलत नाही. काही रेषा स्थिर राहतात, काही भाग जोरात हलतात आणि हलणाऱ्या भागातली वाळू उडून स्थिर रेषांवर जमते, हे त्या आकृत्यांनी सिद्ध केले. त्यांचे गणित मांडण्याच्या प्रयत्नासाठी सोफी जर्मेन या विदुषीला १८१६ मध्ये फ्रेंच अकादमीचे पारितोषिक मिळाले. कोणता भाग जोरात हलतो हे कळले म्हणजे लेप कुठे लावायचा हेही कळते. तबल्याच्या कारागिराने शाई मध्यावर ठेवली, त्यातही हेच शहाणपण आहे.

१९१० : दोन घटना, एक खोरे

१९१० हे साल या खोऱ्याच्या ध्वनि-इतिहासात मला महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. गळ्यातला आणि तारेतला स्वर मोजमापात पकडण्याचा तो प्रयत्न होता आणि त्याला पुढे मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायकीचे साहाय्य होते. त्याच वर्षी औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला. एकीकडे नादाचे सूक्ष्म विभाजन आणि दुसरीकडे ओतीव लोखंडाचा नांगर. एकाच नदीच्या खोऱ्यात, काही कोसांच्या अंतरावर, कानाची दोन जगे शेजारी उभी राहिली.

मराठीच्या विद्यार्थ्याला किर्लोस्करवाडी ठाऊक असते ती मासिकांमुळे. १९२० मध्ये तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, ते पुढे 'किर्लोस्कर' झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आले. आधुनिक मराठी वाचकाची अभिरुची घडवणारी ही मासिके ओतशाळेच्या शेजारी, यंत्रांच्या आवाजात छापली जात होती, ही गोष्ट आपण अभ्यासक्रमात सांगतो. पण तो आवाज कसा होता, हे विचारत नाही. यंत्रयुग आपल्या समीक्षेने डोळ्यांनी वाचले, धूर, चाक, चिमणी, गर्दी या प्रतिमांतून. कानाने ते फारसे वाचले नाही. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरी करणारे होते आणि त्यांच्या सौंदर्यविचाराचा कणा 'लय' हा होता. संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची त्यांनी सांगितलेली तत्त्वे आपण चित्राला, शिल्पाला, कवितेला लावून पाहतो. ज्या यांत्रिक नादांनी त्या पिढीचा कान वेढला होता, त्यांना मात्र लावून पाहत नाही.

लोखंडी वस्तूंबरोबर पातळ पत्राही घरोघरी आला. नालीदार पत्र्याचे स्वामित्वपत्र लंडनमध्ये १८२९ साली हेन्री पामर याने घेतले. पुढे जस्ताचा मुलामा देण्याची रीत रुळली आणि हा पत्रा जगभर पसरला. आपल्याकडे गवती छप्पर, मातीचे धाबे आणि कौले यांच्या जागी तो हळूहळू चढला. गवताचा, मातीचा आवाज नसतो. पाऊस त्यांच्यात मुरतो. पत्र्यावर तोच पाऊस ताशासारखा वाजतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी ज्यांनी पत्र्याच्या शाळेत शिकवले आहे, त्यांना जोराची सर आली की धडा थांबवावा लागतो हे माहीत आहे. लोकांनी त्यावर उपायही शोधले. कोणी पत्र्यावर उसाचे पाचट पसरले, कोणी खालून पोती ताणली, कोणी लाकडी फळ्या मारल्या. पत्र्याची ट्रंक एकदम वाजू नये म्हणून तिच्या तळाशी जुने धोतर घालणारी आजी हे सारे कोणत्याही पुस्तकाशिवाय जाणत होती.

'डबा' हे नाव

पत्र्याचा आवाज मराठी माणसाच्या सामूहिक स्मृतीत पक्का बसवला तो एसटीने. तत्कालीन मुंबई राज्याच्या सरकारी प्रवासी सेवेची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरकडे (आताचे अहिल्यानगर) धावली. त्या सुरुवातीच्या गाड्यांची बांधणी लाकडी होती. लाकूड करकरते, पण खडखडत नाही, कारण त्याचे तंतू कंप बऱ्यापैकी जिरवतात. पुढे सांगाड्यावर धातूचे पत्रे रिव्हेटांनी ठोकून गाडीचे शरीर उभे करण्याची पद्धत आली आणि दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळांतून अशा गाड्यांची बांधणी होऊ लागली. अॅल्युमिनियमचा पत्रा हलका आणि न गंजणारा म्हणून अनेक दशके चालला. २०१७-१८ च्या सुमारास महामंडळाने अधिक मजबुतीसाठी पोलादी बांधणीकडे मोर्चा वळवला.

हलका पत्रा, शेकडो रिव्हेट, सैल झालेल्या खिडक्या आणि खड्ड्यांचा रस्ता यांतून जो आवाज निर्माण झाला त्यानेच गाडीचे लोकप्रिय नाव ठरवले, 'लाल डबा'. डबा म्हणजे पत्र्याचा, पोकळ, वाजणारा. 'लालपरी' हे लाडाचे नाव आणि 'डबा' हे कानाने ठेवलेले नाव. प्रवासीही या आवाजाशी आपापल्या परीने झुंजत. वाजणाऱ्या खिडकीच्या फटीत घडी केलेले तिकीट, वर्तमानपत्राचा बोळा किंवा काडेपेटीचे पाकीट खुपसणे ही एसटीच्या प्रवासातील एक अलिखित कला होती. चालक सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा पुठ्ठा सांध्यात बसवत. पत्रा आणि सांगाडा यांच्यामध्ये मऊ काहीतरी घातले की खडखड थांबते, हे तत्त्व या साऱ्यामागे होते.

या खडखडाटाला एक दुसरी बाजूही होती. जुना चालक गाडी कानाने चालवी. कोणता बोल्ट ढिला झाला, कोणती पाटी तुटली, हे त्याला आवाजातला बदल सांगे. कऱ्हाड-पाटणच्या भागाला तर खडखडीचा हा अर्थ वेगळ्या रीतीने शिकावा लागला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला आणि त्यानंतर लहान धक्क्यांची मालिका वर्षानुवर्षे चालू राहिली. फळीवरची भांडी आणि छपराचा पत्रा एकाच वेळी खुळखुळू लागले की जमीन हलते आहे, ही ओळख त्या पिढीच्या अंगात भिनली. काही खडखड हा गोंगाट नसतो. ती बातमी असते.

अडवणे, जिरवणे आणि शोषणे

आता लेपाकडे वळू. मोटारीच्या दाराचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. पोलादाच्या अंगी कंप जिरवण्याची शक्ती जवळजवळ नसते. म्हणून तर घंटा धातूची करतात. इंजिन, रस्ता किंवा ध्वनिवर्धकाचा खर्ज यांनी पत्रा एकदा हलला की तो हलत राहतो आणि हवेत आवाज सोडत राहतो. त्याला आतून डांबराचा किंवा ब्युटिल रबराचा थर घट्ट चिकटवला की पत्र्याच्या प्रत्येक वाकण्याबरोबर तो थरही ताणला-दाबला जातो. असा पदार्थ अर्धा स्थितिस्थापक, अर्धा चिकट असतो. ताणल्यावर तो सगळी ऊर्जा परत करत नाही. काही भाग आपल्यातच घर्षणाने उष्णता करून संपवतो. ही उष्णता इतकी अल्प असते की हाताला कळत नाही, पण कानाला कळते. टिचकी मारली तर 'टण्ण' ऐवजी 'थप्' येते. पत्रा बद्द झाला.

जर्मन ध्वनिशास्त्रज्ञ ओबेर्स्ट यांनी १९५२ मध्ये अशा लेपाचे गणित मांडले. मोकळ्या थराची जाडी वाढवली की परिणाम जाडीच्या प्रमाणाहून अधिक वेगाने वाढतो, असे त्यातून दिसते. १९५९ मध्ये अमेरिकेत कर्विन यांनी पुढचे पाऊल टाकले. चिकट थराच्या पाठीवर पातळ धातूचे आवरण असले तर मधला थर दोन कठीण पटलांच्या कात्रीत सापडतो, आडवा घासला जातो आणि कमी जाडीतही जास्त कंप संपवतो. आज दुकानात चंदेरी पाठीचे जे काळे तक्ते मिळतात, ते याच विचाराचे अपत्य आहेत.

या क्षेत्रातील नेहमीचा गोंधळ निस्तरायला आपल्याकडे एक उत्तम घोषवाक्य तयार आहे, 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. पाणलोटाच्या कामात अडवणे आणि जिरवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आवाजातही तसेच. जड पडदा किंवा जाड भिंत आवाज अडवते आणि अडथळ्याचे वजन दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलांनी घटतो. चिकट लेप पत्र्यातला कंप जिरवतो. सच्छिद्र फोम, नमदा किंवा गालिचा हवेतला आवाज शोषून घेतो. गालिचा कितीही जाड टाकला तरी त्याखालचा पत्रा थरथरतच राहतो, आणि कितीही लेप लावला तरी दाराच्या फटीतून येणारा वारा शिट्टी घालतच राहतो. तिन्ही उपाय आपापल्या जागी हवेत.

कामाची रीतही सांगण्याजोगी आहे. पत्र्यावरची धूळ आणि तेल स्पिरिटने पुसावे लागते, नाहीतर थर सुटतो. तक्ता रुळाने दाबत बसवतात, कारण मधे हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे पकड नसते आणि पकड नसली की जिरवणेही नसते. नवखा माणूस सगळा पत्रा झाकू पाहतो. जाणता माणूस मध्यावर, जिथे पटल सर्वांत जास्त हलते तिथे, पाव ते निम्मा भाग झाकून थांबतो. पुढे वजन वाढते, गुण फारसा वाढत नाही. दाराच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी भोके असतात, ती मोकळी ठेवावी लागतात. पाटण-महाबळेश्वरच्या पावसात ती बुजली तर दार आतून कुजते. स्वस्त डांबरी तक्ता उन्हाळ्यात मऊ पडतो आणि वास मारतो, म्हणून ब्युटिलला पसंती. स्वच्छ पृष्ठभाग, पातळ थर, दाब, मध्य आणि योग्य ठिकाणी थांबण्याची समज ही यादी वाचताना तबल्याला शाई भरणाऱ्या कारागिराची आठवण होत नसेल तर नवल. दोघांनाही एकच सत्य ठाऊक आहे. एक त्याने नाद घडवतो, दुसरा त्याच सत्याने नाद संपवतो.

बद्द आवाजाची किंमत

या विद्येमुळे शांतता ही विकत मिळणारी वस्तू झाली. मोटारींच्या कारखान्यांत दार लागण्याचा आवाज मुद्दाम घडवला जातो, कारण गिऱ्हाईक शोरूममध्ये मडक्यासारखीच गाडीची परीक्षा घेते. फक्त उत्तर उलटे अपेक्षित असते. एसटीच्या गाड्यांची श्रेणीही कानाने ओळखता येऊ लागली. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने 'एशियाड' हे नाव रुळले, पुढे वातानुकूलित 'शिवनेरी' आली, २०१७ मध्ये 'शिवशाही' आली. काच बंद, आवाज कमी, तिकीट जास्त. 'खडखडाट' या शब्दाचा जो दारिद्र्यवाचक अर्थ भाषेने आधीच साठवून ठेवला होता, तो रस्त्यावर प्रत्यक्ष उतरला. ज्याच्या खिशात खडखडाट, त्याच्या गाडीतही खडखडाट.

मलकापूरला उभे राहिले की या व्यवहाराची दुसरी बाजू ऐकू येते. या शतकाच्या पहिल्या दशकात महामार्ग चौपदरी झाला, नंतर सहापदरीकरणाची कामे निघाली. त्याच मलकापुरात कृष्णा रुग्णालय आणि वैद्यकीय शिक्षणसंस्था आहे, शाळा आहेत, लोकांची घरे आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि तिथे ही मर्यादा ५० आणि ४० वर येते. महामार्ग आणि अशी मर्यादा यांचे नाते किती अवघड आहे, हे सांगायला यंत्र लागत नाही.

गाडीच्या आतला लेप या बाहेरच्या आवाजात काहीच फरक करत नाही. टायर रस्त्यावर तेवढाच घासतो, मालट्रक तेवढाच गुरगुरतो. फरक पडतो तो आत बसलेल्याला. उलट काचबंद, लेप दिलेल्या गाडीतल्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचायचे तर बाहेरच्या दुचाकीस्वाराला हॉर्न अधिक जोरात वाजवावा लागतो. एकाची शांतता दुसऱ्याच्या गोंगाटावर उभी राहते. पूर्वीच्या बैलगाडीत बसलेला आणि रस्त्याकडेला उभा असलेला दोघेही तीच खडखड, तेच घुंगूर ऐकत. एसटीतही बऱ्याच अंशी तसेच होते. ऐकण्याची ही समता लेपाने मोडली.

शांततेने नवीन आवाजही जन्माला घातले, ही या इतिहासातली गंमत आहे. १ जून २०२२ रोजी, पहिल्या गाडीच्या स्मरणार्थ त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर, महामंडळाची 'शिवाई' ही विजेवरची गाडी धावली. विजेच्या गाडीत इंजिनाची घरघर नसते. ही घरघर पूर्वी एखाद्या जाड पडद्यासारखी इतर आवाजांवर पसरलेली असे. ती निघून गेली की टायरचा घासटा, वाऱ्याचा सूं-सूं आणि एखाद्या सैल पट्टीची टिकटिक उघडी पडते. म्हणून विजेच्या गाड्यांना लेपाची गरज कमी न होता वेगळ्या रीतीने वाढली. मोठा आवाज गेला की कान लहान आवाजाशी भांडू लागतो.

अनुरणन

साहित्याच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? आपल्या काव्यशास्त्रात ध्वनिसिद्धान्त मांडताना आनंदवर्धनाने नवव्या शतकात घंटेचा दृष्टान्त वापरला. टोला पडतो आणि मागाहून जो नाद रेंगाळतो ते अनुरणन. वाच्यार्थानंतर क्रमाने उमगणारा व्यंग्यार्थ हा अशा अनुरणनासारखा असतो. लेप नेमके काय करतो? टोला तो थांबवू शकत नाही. तो फक्त अनुरणन मारतो. बद्द पत्रा म्हणजे टोल्याबरोबर संपणारा पत्रा. त्याच्याकडे वाच्यार्थ उरतो, व्यंग्यार्थ उरत नाही.

यावरून लेप वाईट आणि खडखड चांगली असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. एसटीच्या मागच्या बाकावर रोज चार तास काढणाऱ्या शिक्षिकेला, वाहकाला किंवा आजारी माणसाला खडखडीतले काव्य ऐकवणे हा क्रूरपणा आहे. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' असे म्हणणारी आपली परंपरा गोंगाटाबद्दल भाबडी कधीच नव्हती. प्रश्न कोणता नाद जिरवायचा आणि कोणता जपायचा, हे कोण ठरवते हा आहे. मिरजेच्या कारागिराने तो विवेक हाताने केला. महामार्गावर तो विवेक आज खिसा करतो.

आपल्याकडे 'आवाज दाबणे' हा वाक्प्रचार सत्तेच्या संदर्भात वापरला जातो. पत्र्याच्या संदर्भात 'जिरवणे' हा शब्द अधिक नेमका आहे. पण 'जिरवणे' या शब्दालाही मराठीत एक दुसरी धार आहे, एखाद्याची जिरवणे. भाषेने या दोन्ही शब्दांत एक सावधगिरी पेरून ठेवली आहे. आवाज नाहीसा होतो तेव्हा कोणाची तरी सोय होते आणि कधीकधी कोणाची तरी जिरते. यंत्रयुगातील मराठी साहित्य पुन्हा वाचताना धूर आणि चिमणीच्या बरोबरीने पत्रा, रिव्हेट, खिडकी आणि त्यांची खडखड कुठे आहे, कुठे नाही आणि कोणाच्या वाट्याला आली आहे, हे विद्यार्थ्यांसह शोधून पाहावे. खणखणीत आणि बद्द यांच्यामधल्या अंतरात आपल्या समाजाच्या गेल्या शतकाचा बराचसा वृत्तान्त दडलेला आहे आणि तो डोळ्यांनी वाचता येण्याजोगा नाही.